गिट-अनेक्समधल्या वर्म फाइली शा-२५६ वर न्यायच्या आहेत, सुरू करायच्या आधी काय बघू?

मलप्रभा_काठ

नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहालोय, पण अर्धवट सांगितलो तर उत्तरही अर्धवटच येतंय म्हणून सगळंच सांगतो.

मी खानापूरचा. २०१७ पासून आमच्या तालुक्यातल्या बायकांच्या जात्यावरच्या ओव्या, हळदीची गाणी, भजनं रेकॉर्ड करून ठेवालोय. जांबोटी, कणकुंबी, नंदगड, हलशी, गर्लगुंजी, सुट्टी मिळंल तसं गाडी काढायची, रेकॉर्डर ठेवायचा आणि आज्ज्या गायला लागल्या की आपण गप्प बसायचं. कितीतरी ओव्यांत मराठी ओळीच्या मधेच कन्नड शब्द येतोय आणि तो तिथं इतका बरोबर बसतोय की काढताच येत नाही, असलं बोलणं आता पोरांच्या तोंडात राहिलेलं नाही. म्हणून ह्या फाइलींचा मला जीव लागलाय.

सगळं गिट-अनेक्समधे आहे, म्हणजे गिट फाइलींच्या बदलांची हिस्टरी ठेवतो आणि अनेक्स त्याच्या जोडीनं मोठ्या फाइली सांभाळतो, कुठली प्रत कुठं आहे ते लक्षात ठेवतो. फोटो आणि वह्यांचे स्कॅन धरून ११ हजाराच्या आसपास फाइली, साधारण ३४० जीबी. प्रती अशा: एक माझ्या घरच्या पीसीवर, एक निपाणीला मामांच्यात ठेवलेल्या यूएसबी डिस्कवर, एक भाड्याच्या स्टोरेजवर एन्क्रिप्ट करून स्पेशल रिमोट म्हणून (नुसत्या फाइली ठेवायची जागा, तिथं गिट नाही), आणि थोडी पुण्याला धाकट्या भावाच्या लॅपटॉपवर.

आता घोळ असा आहे की बॅकएंड, म्हणजे फाइलीला ओळखायचं नाव (की) तयार करायची पद्धत, तीन प्रकारचे होऊन बसलेत. सुरवातीला माझ्याकडं जुना लॅपटॉप होता, एवढ्या मोठ्या फाइलींचा हॅश (आतल्या डेटावरून निघणारा ठसा) काढायला फार वेळ घ्यायचा म्हणून मी वर्म बॅकएंड लावलो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, वर्म फाइलीच्या आतलं काही बघतच नाही, फाइलीचं नाव, साइज आणि बदलल्याची वेळ एवढ्यावर की तयार करतो. मग एकानं सांगितलं म्हणून काही दिवस एमडी५-ई, आणि गेली तीन वर्षं जे डिफॉल्ट आहे ते शा२५६-ई, हे दोन्ही हॅशवर चालतात. मोजलो तर वर्मच्या ४,२०० फाइली निघाल्या, साधारण १५० जीबी, एमडी५-ई च्या २,६०० आणि बाकीच्या नवीन.

मला सगळं शा२५६-ई वर न्यायचंय. गेल्या रविवारी ५० वर्म फाइलींवर मायग्रेट (बॅकएंड बदलायची कमांड) चालवून बघितलो, इथं काही अडचण आली नाही, सिमलिंक (खऱ्या फाइलीकडं बोट दाखवणाऱ्या लिंक) बदलल्या, कमिट झालं, सिंक केलो. तासाभरात भावाचा फोन, अरे माझ्याकडच्या फाइली गेल्या की. बघतो तर त्याच्या लॅपटॉपवर त्या पन्नासच्या पन्नास फाइलींच्या लिंक तुटलेल्या, व्हेअरइज, म्हणजे कुठं कुठं आहे, विचारलं तर प्रत फक्त खानापूरला. पोटात गोळाच आला. अजून जुनं काहीही ड्रॉप केलेलं (काढून टाकलेलं) नाही, तेवढी अक्कल राहिली.

तर विचारायचं आहे ते हे. भावाकडं तीच फाइल जुन्या नावानं आहे ना, मग परत डाउनलोड का करावी? भाड्याच्या स्टोरेजवर सगळं परत चढवायचं का, कारण माझं अपलोड १० एमबीपीएसच्या वर जात नाही आणि पावसात करंटचा भरवसा नाही. पीसीवर जागा दुप्पट लागणार का? आणि गिटमधे जुन्या टप्प्यांना नाव देऊन ठेवलेले टॅग आहेत त्यांचं काय होतंय?

उद्यमबाग_लेथ

मी आमच्या वर्कशॉपमधे सीएनसीचे प्रोग्राम आणि ड्रॉइंग गिटमधे ठेवतो. गिटला आता शा-२५६ येतं ना, रिपॉझिटरी (रिपो) करतानाच ऑब्जेक्ट फॉरमॅट सांगायचं. नवी रिपो शा-२५६ नं करून त्यात सगळं घाला, काम झालं. नाहीतर सरळ एलएफएस (मोठ्या फाइलींसाठी गिटची दुसरी सोय) वापरा, त्यात पहिल्यापासून शा-२५६ च आहे.

टिळकवाडी_ते_पुणे

@उद्यमबाग_लेथ दादा, दोन वेगळ्या गोष्टी एकत्र होतायत, बऱ्याच जणांची होते म्हणून आधी ते सोडवतो.

एक हॅश गिटचा स्वतःचा, ज्याच्यावर कमिट (बदलांच्या नोंदी) आणि ट्री (फोल्डरांच्या नोंदी) उभे असतात. तो शा-१. २०१७ च्या फेब्रुवारीत ॲमस्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय संस्थेनं आणि गूगलनं मिळून एकच शा-१ असलेल्या दोन वेगळ्या पीडीएफ करून दाखवल्या, तेव्हापासून हा विषय तापला. वेबकिट ह्या ब्राउझर इंजिनच्या सबव्हर्जन (गिटसारखाच जुना प्रोग्राम) रिपोत त्या दोन पीडीएफ कुणीतरी टाकल्या आणि रिपो अडकून पडली होती. गिटनं त्याच वर्षी २.१३ पासून असला हल्ला ओळखणारा शा-१ वापरायला सुरवात केली, आणि २०२० च्या ऑक्टोबरात २.२९ मधे शा-२५६ ची रिपो करायची सोय दिली. पण जुनी शा-१ रिपो आणि नवी शा-२५६ रिपो एकमेकींत पुश-पुल करू शकत नाहीत. त्यामुळं इतक्या वर्षांची हिस्टरी असलेल्या माणसाला नवी रिपो करा म्हणणं म्हणजे चालतं घर सोडून शेजारी पाया खणा म्हणण्यासारखं आहे.

दुसरा हॅश अनेक्सचा. अनेक्समधे गिट फाइल सांभाळतच नाही, गिटमधे फक्त एक लिंक असते आणि त्या लिंकमधे की-चं नाव असतं, बॅकएंड, साइज आणि हॅश मिळून. खरी फाइल त्या की-च्या नावानं अनेक्सच्या ऑब्जेक्ट फोल्डरात पडलेली असते. @मलप्रभा_काठ ला बदलायचाय तो हा. ह्यासाठी हिस्टरी मोडायची गरज नाही, एक नवीन कमिट होतं आणि लिंका नवीन की-कडं बघायला लागतात.

आता मूळ प्रश्न. भावाच्या लॅपटॉपवर लिंक तुटल्या कारण लिंक नवीन की मागतेय आणि त्याच्या डिस्कवर फाइल जुन्या की-च्या नावानं पडलीय. फाइल गेलेली नाही, नाव बदललेलं त्याला कुणी सांगितलेलं नाही. डिसेंबर २०२३ च्या व्हर्जनपासून अनेक्स प्रत्येक मायग्रेशनची नोंद आपल्याच ब्रँचमधे करतो, कुठल्या जुन्या की-ची कुठली नवीन झाली ती. दुसऱ्या मशीनवर मायग्रेटला अपडेट ऑप्शन देऊन चालवलं की तो ती नोंद वाचून आपल्याकडच्या जुन्या ऑब्जेक्टला नवीन नावाची हार्डलिंक (त्याच डेटाला दुसरं नाव) लावतो, डाउनलोड शून्य. कंटेंट धरून सिंक केलं तर हे आपोआपही होतं.

माझा अंदाज, तू डेबियन १२ ह्या लिनक्सवर असशील. त्यात जे अनेक्स येतं ते जानेवारी २०२३ चं आहे, म्हणजे तुझ्या त्या ५० फाइलींची नोंदच झालेली नाही. ते कमिट रिव्हर्ट कर (मागं फिरव), जुने ऑब्जेक्ट ड्रॉप केलेले नाहीस म्हणून लिंका लगेच परत जुळतील. मग सगळ्या मशीनवर नवीन व्हर्जन घाल, आणि मगच परत चालव.

जागेचं म्हणशील तर पीसीवर दुप्पट लागत नाही, तिथंही हार्डलिंकच होते. एकाच डेटाला दोन नावं. म्हणून नंतर जुन्या कीज अनयूज्ड (आता कुणी वापरत नाही अशा) म्हणून ड्रॉप केल्यास तरी जागा मोकळी झाल्यासारखी दिसणार नाही, घाबरू नकोस.

भाड्याच्या स्टोरेजचं मात्र वाईट आहे. तिथं हार्डलिंक वगैरे काही नाही, जुन्या की-च्या नावानं जे पडलंय ते तसंच राहतं, नवीन की-साठी फाइल परत चढवावीच लागते. १५० जीबी, १० एमबीपीएसनं, न थांबता चाललं तर ३३ तास. मधे तुटलं तर जी फाइल चालली होती ती परत सुरू होऊ शकते, झालेल्या झालेल्या राहतात.

मलप्रभा_काठ

देव भलं करो तुमचं. व्हय, डेबियन १२ च आहे. रिव्हर्ट केलो, भावाकडं पण लगेच सगळं दिसायला लागलं. ३३ तास म्हणजे आमच्यात चार-पाच रात्री, चालतंय. मग ह्या शनिवारी नवीन व्हर्जन घालून एका दमात सगळं मायग्रेट करून टाकतो.

हलशीकर

थांब रे बाळा. शनिवारी काही करू नकोस, आधी माझं वाच.

टिळकवाडीवाल्यांनी सांगितलं ते सगळं बरोबर आहे, पण वर्मवरून शा-२५६ वर जाणं आणि एमडी५ वरून जाणं ह्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. एमडी५-ई च्या फाइलीला मायग्रेट लावलंस की अनेक्स आधी जुना हॅश तपासतो, फाइल बिघडलेली असेल तर ती पुढं नेत नाही. वर्मला तपासायला हॅशच नाही! साइज जुळली की त्याच्या लेखी फाइल चांगली. तू इतकी वर्षं एफएससीके (फाइली तपासायची कमांड) चालवला असशील आणि सगळं ओके आलं असेल, पण वर्मच्या फाइलींपुरतं त्या ओकेचा अर्थ एवढाच की साइज तेवढी आहे. आत बिट सडलं असलं तरी साइज तीच राहते.

आणि नवीन हॅश निघतो तो त्या क्षणी डिस्कवर जे आहे त्याचा. पीसीवरची प्रत दोन वर्षांमागं बिघडली असेल तर तू बिघडलेल्या फाइलीवर शा-२५६ चा शिक्का मारणार, आणि निपाणीच्या डिस्कवरची चांगली प्रत नवीन हॅशला जुळत नाही म्हणून तीच खोटी ठरणार. म्हणजे चांगली प्रत आपण होऊन फेकून द्यायची. मी हे अंदाजानं सांगत नाही, घरच्या लग्नाच्या फोटोंचं माझ्याकडून असंच झालं, आईचा एक फोटो अर्धा करडा पट्टा होऊन बसला आणि चांगला असलेला मीच ड्रॉप केला.

म्हणून मायग्रेटच्या आधी दोन्ही डिस्क एकमेकींशी जुळवून बघ. अनेक्सवर अवलंबून राहू नकोस, साधं शा२५६सम (फाइलीचा शा-२५६ काढणारा प्रोग्राम) घे, पीसीच्या ऑब्जेक्ट फोल्डरातल्या वर्मच्या सगळ्या फाइलींवर चालव, यादी फाइलीत ठेव. निपाणीच्या डिस्कवर तेच कर. मग दोन्ही याद्या की-च्या नावानं लावून फरक बघ. एक लक्षात ठेव, दोन्हीकडं ऑब्जेक्टच्या आतले बारके फोल्डर वेगळ्या पद्धतीनं पाडलेले असू शकतात, डिस्कची फाइलसिस्टीम साधी असली की अनेक्स तिथं बारीक अक्षरांचे फोल्डर करतो, म्हणून पूर्ण पाथ जुळवायला जाऊ नकोस, शेवटचं की-चं नाव तेवढं धर. डिस्क यूएसबी २ च्या पोर्टला असली तर सगळं वाचायला तीन-साडेतीन तास जातील, वर्मपुरतं केलंस तर निम्म्यात होईल.

दुसरी गोष्ट ह्याच्याहून वाईट असू शकते. तुझा रेकॉर्डर कुठला, त्याचं घड्याळ लावलेलं होतं का? कार्ड रिकामं करून परत वापरायचास का?

मलप्रभा_काठ

काका, रेकॉर्डर साधाच, बेळगावात खडेबाजारात घेतलेला. घड्याळ लावलेलंच नव्हतं, सगळ्या फाइलींची तारीख १ जानेवारी रात्री १२ पडायची, मी त्याकडं कधी लक्षच दिलो नाही. कार्ड दर वेळेला फॉर्मॅट करायचो, त्यामुळं नावं परत रेक००१ पासून. आणि तो दर ३० मिनिटांनी फाइल तोडतो. घरी आल्यावर सगळं "आलेलं" म्हणून एका फोल्डरात टाकायचो, अनेक्सला ॲड करायचो आणि मग त्या त्या गावाच्या फोल्डरात हलवायचो.

हे लिहितालिहिताच कळालं तुम्ही का विचारला. नाव तेच, तारीख तीच, आणि ३० मिनिटांचा तुकडा म्हटल्यावर साइजही तीच.

हलशीकर

तेच. वर्मच्या दृष्टीनं जांबोटीचा पहिला तुकडा आणि नंदगडचा पहिला तुकडा ही एकच फाइल. दुसरी ॲड करताना अनेक्सला वाटतं हे आपल्याकडं आहेच, मग तो नवीन आलेली टाकून देतो आणि लिंक जुन्या ऑब्जेक्टला लावतो. एरर येत नाही, काही नाही. नंदगडच्या फोल्डरात फाइल दिसते, पण वाजवली की जांबोटी.

सगळ्याच फाइलींचं असं झालेलं नसणार. बैठक मधेच थांबली की शेवटच्या तुकड्याची साइज वेगळी येते, ते वाचलेत. जिथं बैठक अर्ध्या तासाच्या वर गेलीय त्यांचे पहिले तुकडे आणि असले तर दुसरे, ते बघ.

शोधायचं सोपं आहे. अनेक्सच्या फाइंड कमांडला बॅकएंड वर्म सांग आणि फॉरमॅटमधे की आणि फाइलीचं नाव माग, यादी सॉर्ट कर, एकाच की-वर दोन किंवा जास्त पाथ असतील तेवढे काढ. हे मायग्रेटच्या आधी करायला पाहिजे कारण नंतर दोन्ही लिंका एकाच शा-२५६ की-कडं जातील आणि कुणीही बघितलं तर म्हणेल एकाच फाइलीच्या दोन प्रती ठेवल्यायत, एक काढून टाका. वर्मचं नाव समोर आहे तोवर संशय तरी येतो.

निपाणी_अक्का

मी शाळेत कॉम्प्युटर शिकवते, आमच्याकडं जुन्या पेपरांची कात्रणं अशीच अनेक्समधे आहेत. काकांनी सांगितलं ते आधी कर. मी फक्त मामांच्या डिस्कबद्दल एक सांगते, तिची फाइलसिस्टीम एक्सफॅट आहे का बघ. बहुतेक यूएसबी डिस्क विकत घेतल्या तशाच असतात. एक्सफॅटवर हार्डलिंक होत नाही, म्हणून तिथं मायग्रेट अपडेट चालवलास की तो प्रत्येक फाइलीची कॉपी करत जाणार, १५० जीबी मोकळी जागा नसली तर मधेच अडकणार. माझं अडकलं होतं. मी मग फोल्डर फोल्डर घेऊन केले, एक फोल्डर मायग्रेट, डिस्कवर अपडेट, एफएससीके, मग त्याच्या जुन्या कीज ड्रॉप, मग पुढचा फोल्डर. वेळ गेला पण नवीन डिस्क घ्यायला लागली नाही.

टिळकवाडी_ते_पुणे

हलशीकर काका, खरं सांगायचं तर डुप्लिकेट की-चा मुद्दा माझ्या ध्यानातच आला नव्हता. मी वर्म कधी वापरलाच नाही म्हणून असेल.

एका बाबतीत मात्र माझं मत सांगतो. एवढं सगळं करतोच आहे तर एमडी५-ई च्या २,६०० पण ह्याच फेरीत नेऊन टाकाव्यात. एमडी५ ची टक्कर (दोन वेगळ्या फाइलींचा एकच हॅश) २००४ लाच चिनी संशोधकांनी दाखवली, आता ती साध्या लॅपटॉपवर करता येते. आणि सगळं शा-२५६ वर आलं की अनेक्सच्या सेटिंगमधे सिक्युअर हॅशेस ओन्ली चालू करता येतं, मग कच्च्या हॅशची फाइल रिपोत शिरतच नाही.

हलशीकर

माझं वेगळं मत आहे. टक्कर करून दाखवायला कुणीतरी मुद्दाम बसावं लागतं, दोन फाइली तशा घडवाव्या लागतात. आज्जीच्या ओवीवर कोण हल्ला करणार आहे? डिस्क सडणं, केबल ढिली असणं, कॉपी अर्धवट होणं, आपला शत्रू हा आहे, आणि हे एमडी५ सुद्धा पकडतो. त्या २,६०० फाइली भाड्याच्या स्टोरेजवर परत चढवायला लागणार ते वेगळंच. दुसऱ्यांकडून फाइली घ्यायला लागशील, कुणीही उठून काहीही पाठवेल अशी वेळ येईल, तेव्हा टिळकवाडीवाले म्हणतात ते कर, तेव्हा ते हवंच. आज सगळी ताकद वर्मवर लाव.

आणि टॅगचं कुणी सांगितलं नाही म्हणून सांगतो. जुना टॅग जुन्या की-कडं बघत असतो, म्हणून अनयूज्डची यादी काढलीस की टॅगमधल्या कीज त्यात येणारच नाहीत, अनेक्स त्यांना वापरात आहे असंच धरतो. ते राहू दे. पीसीवर हार्डलिंक आहे, जागा खात नाही. भाड्याच्या स्टोरेजवरच्या जुन्या प्रतींचं भाडं लागतंय ते काही महिने लागू दे, नवीन सगळं चढून, तिन्ही ठिकाणी एफएससीके होऊन, तू चार फाइली उतरवून कानानं ऐकल्याशिवाय तिथलं एक सुद्धा ड्रॉप करू नकोस.

उद्यमबाग_लेथ

माझं पहिलं उत्तर चुकलं, अनेक्स काय असतं ते मला नीट माहीत नव्हतं, आज कळलं. एक विचारतो, शा२५६ आणि शा२५६-ई ह्यात फरक काय?

टिळकवाडी_ते_पुणे

हॅश तोच, ई असला की की-च्या शेवटी फाइलीचं एक्स्टेन्शन राहतं. काही प्लेअर सिमलिंकच्या पलीकडं जाऊन खऱ्या फाइलीचं नाव बघतात, तिथं एक्स्टेन्शन नसलं की वाजवत नाहीत, म्हणून ई बरा. त्याची एक बाजू अशी की तीच फाइल एकदा मोठ्या अक्षरातल्या एक्स्टेन्शननं आणि एकदा बारीक अक्षरातल्या एक्स्टेन्शननं आली तर दोन कीज होतात. म्हणून रेकॉर्डरवरून आल्या आल्या सगळी एक्स्टेन्शन बारीक अक्षरात करून घ्यायची सवय लाव.

मलप्रभा_काठ

बारा दिवसांनी लिहालोय, मधे दोन दिवस इकडं करंटच नव्हता आणि निपाणीला जाऊन डिस्क आणायला लागली. अक्का, तुम्ही म्हणालात तसंच, एक्सफॅटच आहे.

आधी एकाच की-वर दोन पाथ असलेल्या फाइली काढलो. १४ जोड्या आल्या. त्यातल्या ९ मीच केलेल्या, एकच गाणं गावाच्या फोल्डरात आणि "हळद" फोल्डरात पण ठेवलो होतो. उरल्या ५, त्या काकांनी सांगितल्यासारख्याच. नंदगडचं म्हणून ठेवलेलं उघडलो तर जांबोटीच्या बायका गात होत्या. इतकी वर्षं मी त्या फाइलींची यादी लोकांना दाखवालोय आणि एकदाही पूर्ण वाजवून बघितलो नाही.

पाचांतल्या तीन मिळाल्या, सुरवातीला एक कार्ड भरलं म्हणून फॉर्मॅट न करता कपाटात टाकलो होतो त्यात. चौथी भावाच्या जुन्या पेनड्राइव्हवर, त्याला ऐकायला म्हणून दिलो होतो तेव्हाची. चारही आता शा२५६-ई नं वेगळ्या ॲड केल्यात, नावात गाव आणि तारीख घालून.

मग दोन्ही डिस्कची यादी जुळवलो. ४,२०० मधे दोन फाइली वेगळ्या निघाल्या, साइज दोन्हीकडं तीच. एक गर्लगुंजीचं भजन, निपाणीच्या डिस्कवरच्या प्रतीत अकराव्या मिनिटाला खर्रर्र करून आवाज जातोय, पीसीवर ते साफ आहे. दुसरा वहीचा स्कॅन, तो नेमका उलटा, पीसीवर खालचा अर्धा भाग करडा आणि निपाणीला चांगला. म्हणजे पीसीच खरा धरून शनिवारी मायग्रेट मारलो असतो तर ते वहीचं पान गेलं असतं. त्या पानावर एका बाईंनी स्वतःच्या हातानं लिहिलेल्या २२ ओव्या आहेत. निपाणीची प्रत काढून घेतलो, जुनी लिंक काढून त्या जागी ती नव्यानं ॲड केलो.

त्यानंतर नवीन व्हर्जन सगळीकडं घातलो आणि वर्म तेवढं मायग्रेट केलो, अक्कांच्या पद्धतीनं फोल्डर फोल्डर. गाव, गाणाऱ्या बाईंचं नाव, वय असला जो मेटाडेटा लावून ठेवला होता तो नवीन की-वर आपोआप आला, त्याची मला भीती होती. भावानं पुण्यात अपडेट चालवला, दहा मिनिटांत झालं, एक फाइल डाउनलोड करायला लागली नाही. निपाणीच्या डिस्कवर एफएससीके झाला, आता खऱ्या हॅशनं, एकही एरर नाही. अपलोड अजून चाललंय, ६० जीबी गेलंय. एमडी५ ला हात लावलेला नाही.

पाचवी मात्र नाही मिळाली. कणकुंबीकडच्या एका वाडीतली आज्जी, २०१८ सालचं. पहिला अर्धा तास गेलाय, शेवटची नऊ मिनिटं तेवढी आहेत कारण त्या तुकड्याची साइज वेगळी होती. आज्जी गेल्या त्याला आता तीन वर्षं झाली. त्या पहिल्या अर्ध्या तासात त्यांनी मलप्रभेच्या उगमावरची ओवी म्हटली होती, ती मी दुसऱ्या कुणाच्या तोंडी ऐकलेलो नाही, मला दोनच ओळी आठवालेत.

निपाणी_अक्का

वाचून कसंतरी झालं. कार्ड परत परत फॉर्मॅट झालेलं असलं तरी त्याच्यावर आता काहीही लिहू नकोस, रेकॉर्डरमधून काढून बाजूला ठेव. इतक्या वेळा वरून लिहिल्यावर मिळण्याची आशा कमी आहे, पण पुसलेल्या फाइली शोधणाऱ्या फोटोरेकसारख्या प्रोग्रामनं एकदा बघायला काही जात नाही, आधी पूर्ण कार्डाची इमेज (हुबेहूब नक्कल) काढून घे आणि इमेजवर चालव.

आणि एक विचारते. रेकॉर्ड करून आलास की त्या घरच्यांना ऐकवायला काही पाठवायचास का? मी आमच्या भागात कुणाचं बोलणं रेकॉर्ड केलं की तुकडा व्हॉट्सॲपवर पाठवते, नाहीतर त्यांना वाटतं घेऊन गेले आणि विसरले.

मलप्रभा_काठ

पाठवायचो अक्का. आज्जींच्या नातवाला पाठवलो होतो, तो तेव्हा बेळगावात कॉलेजला होता. किती लांबीचा तुकडा होता ते आठवत नाही, आणि माझा तेव्हाचा फोन कधीच गेला. पण नातवाचा नंबर वहीत लिहिलेला आहे, गाणाऱ्यांच्या घरच्यांचे नंबर मी त्या त्या गावाच्या पानावर लिहून ठेवतो.

आता रात्रीचे साडेदहा झालेत. उद्या सकाळी फोन करतो, आणि कार्ड आत्ताच काढून डबीत ठेवलो.